तीन फुटांवरून

टॅम्पा, फ्लोरिडा
१२ फेब्रुवारी १९५७

प्रिय व्हेल्मा,

सोबत डॅडींसाठी गोल्फच्या तीन फेऱ्यांची कार्डं आहेत. शुक्रवारचं ७६, शनिवारचं ७४, रविवारचं ७७. त्यांना सांग, रविवारी चौदाव्या होलवर वारा समोरून होता म्हणून सहा फटके लागले. ते हसतील. वारा नेहमी हरणाऱ्याच्याच समोरून येतो, असं ते म्हणायचे.

आज मंगळवार, म्हणजे लोकांना खेळ दाखवायचा दिवस. आम्ही सात जणी ओळीने उभ्या राहतो आणि प्रत्येकीने एकेक प्रकारचा फटका करून दाखवायचा. त्रेपन्नसालच्या त्या विजेतेपदापासून पटिंग, म्हणजे चेंडू होलात ढकलायचं शेवटचं काम, माझ्याकडे असतं. लोकांना अजून तो तीस फुटांवरून गेलेला शेवटचा चेंडू आठवतो. या वर्षी मी बिली रँकिनला म्हटलं, पटिंग तू दाखव बाई, मला त्याचा कंटाळा आलाय. ती नुसतं बरं म्हणाली. टेक्सासची माणसं सहसा एवढ्यावर थांबत नाहीत.

कंपनीने माझ्या सहीच्या स्टिक्सचा नवा संच बाजारात आणलाय. दर शनिवारी कुठल्या तरी दुकानात उभं राहून हसायचं असतं. परवा एक बाई म्हणाली, तुम्ही फोटोत जास्त उंच दिसता.

नाताळला आले नाही म्हणून रागावली नसशील. कॅलिफोर्नियातले ते प्रदर्शनाचे सामने टाळता येण्यासारखे नव्हते. डॅडींचा डावा हात आता कसा चालतो ते सविस्तर लिही.

तुझी,
आर्डिस

मिलर्स फोर्ड, कॅन्सस
२० फेब्रुवारी १९५७

प्रिय आर्डिस,

पत्र आणि कार्डं सोमवारी मिळाली. डॅडींनी तिन्ही कार्डं पांघरुणावर मांडली आणि डाव्या हाताचं बोट एकेका चौकटीवर ठेवत ते अख्खी दुपार तुझ्याबरोबर खेळले. चौदाव्यावर थांबले, "वारा" म्हणाले आणि हसले. अर्धांगाचा झटका आल्यापासून जे पाच-सहा शब्द नीट उरलेत त्यात हा एक आहे हे मला ठाऊकच नव्हतं. त्यांचं जेवण बरं आहे. बटाट्याचं सूप आवडीने घेतात.

इथे बर्फ वितळायला लागलाय. आपल्या मैदानाच्या नऊच्या नऊ ग्रीन्सवर, होलांभोवती गवताऐवजी घातलेली वाळू घट्ट बसलीय, ती दाताळ्याने मोकळी करून तिच्यावर पुन्हा तेल घालावं लागेल. गवत कापायचं यंत्र मी स्वतः उघडून साफ केलं. हेडलंडबाई कुंपणापलीकडून बघत होत्या. त्या म्हणाल्या, तुझ्या वडिलांना मुलगा नाही असं कोण म्हणेल.

चर्चमध्ये सगळे तुझी चौकशी करतात. मी सांगते, आमची आर्डिस फ्लोरिडात आहे, उन्हात. त्यावर सगळे सुस्कारा सोडतात.

मी ठीक आहे. मला काही पाठवू नकोस. फक्त कार्डं पाठवत राहा, त्यांचा आठवडा त्यावर जातो.

व्हेल्मा

सव्हाना, जॉर्जिया
१९ मार्च १९५७

प्रिय व्हेल्मा,

कार्डं सोबत आहेत. ७५, ७५, ७८.

काल दिवसभर गाडी चालवली. पुढे बिलीची गाडी, मागे मी, माझ्या मागे आणखी दोघी. तिने उजवीकडचा दिवा लावला की सगळ्या जेवायला थांबतात. अशी वरात काढून आम्ही वर्षाचे दहा महिने हिंडतो. हॉटेलातल्या खोलीत शिरलं की खिडकी कुठल्या बाजूला ते मला आधीच माहीत असतं. सगळ्या खोल्या एकसारख्याच.

मनात येतं, जूनमध्ये घरी यावं आणि लगेच निघू नये. एखादं वर्ष राहावं. डॅडींचं मी बघेन, वाळूलाही तेल घालेन, लहानपणी घालतच होतो की. तूही थोडी मोकळी होशील. नुसतं मनात आलं म्हणून लिहिलं. तुला काय वाटतं?

आर्डिस

मिलर्स फोर्ड
२७ मार्च १९५७

प्रिय आर्डिस,

मला काय वाटतं ते स्पष्टच लिहिते. असलं काही मनात आणू नकोस.

मी मोकळीच आहे. मला कोणी दावणीला बांधलेलं नाही. चौपन्नमध्ये मी शाळेतली नोकरी सोडली ती माझ्या मनाने, आणि तू खेळावंस म्हणून. वाडग्यातून सूप भरवायला आणि गवत कापायला एक माणूस पुरतं. एकाच घरात दोघींनी कशाला सडायचं? या गावातून बाहेर पडलेली तू एकटी आहेस. तू माझी दया येऊन परत आलीस तर माझी ही तीन वर्षं पाण्यात गेली असंच मी समजेन.

आणि डॅडींचं काय? त्यांना कार्डांखेरीज दुसरं काय उरलंय?

पत्र कडक झालंय, पण फाडून दुसरं लिहायला वेळ नाही. वाळूचं काम अर्धं राहिलंय.

व्हेल्मा

मिलर्स फोर्ड
२८ मे १९५७

प्रिय आर्डिस,

दोन महिन्यांत तुझं एकही पत्र नाही. पाकिटं येतात, आत नुसती कार्डं. माझ्या पत्राचा राग आला असेल असं समजून मी गप्प राहिले.

गेल्या आठवड्यात दाढ काढायला सलायनाला गेले होते. दातांच्या डॉक्टरकडे बसायच्या खोलीत विचिटाचा पेपर पडला होता, दहा दिवसांपूर्वीचा. खेळाच्या पानावर अगदी तळाशी, मुंगीच्या अक्षरांत तुमच्या सामन्याचे सगळे आकडे होते, तुझेही. लिंडक्विस्ट, कॅन्सस: ८४, ८६, ८५. अठ्ठावीस जणींत सव्विसावी.

त्याच सामन्याची तू पाठवलेली कार्डं घरी आहेत. ती ७५, ७७, ७४ म्हणतात.

छापणाऱ्याची चूक असेल म्हणून मी ग्रंथालयात जाऊन जुने पेपर काढायला लावले. फेब्रुवारीपासूनचे पाहिले. छापणारा दर आठवड्याला, नेमकी तुझ्याच नावापुढे, दहाएक फटक्यांची चूक करत नाही.

मी सहा वर्षं गणित शिकवलंय, आर्डिस. खोटी बेरीज करणारी मुलं मला पेन्सिल धरण्यावरून ओळखू येत. तुझी कार्डं मला ओळखू आली नाहीत. तू प्रत्येक होलचा आकडा इतका विचार करून लिहिला होतास.

डॅडींना मी काही सांगितलेलं नाही. खरं काय ते लिही.

व्हेल्मा

तुल्सा, ओक्लाहोमा
६ जून १९५७

प्रिय व्हेल्मा,

खरं लिहिते.

मला तीन फुटांवरून चेंडू होलात घालता येत नाही. तीन फूट म्हणजे तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाची रुंदी. लांबचे फटके अजून पूर्वीसारखे जातात. बिली म्हणते, ग्रीनपर्यंत तू आमच्या सगळ्यांची आई आहेस. ग्रीनवर आलं की संपलं. पटर, ती पटिंगची स्टिक, मागे जाते तोवर ठीक असतं. पुढे येताना माझा उजवा हात माझा राहत नाही. मागून कोणीतरी कोपराला धक्का द्यावा तसा झटका बसतो आणि चेंडू चार फूट पलीकडे जातो. मग तिथून पुन्हा तेच. लोक टाळ्या वाजवायचे थांबतात, तेही सोसता येतं. पण ते दुसरीकडे बघायला लागतात, ते नाही सोसवत. उघड्यावर कोणी आजारी पडलं की माणसं नजर वळवतात, तसं.

डावखुरी होऊन पाहिलं. डोळे मिटून पाहिलं. तीन पटर बदलले. अटलांटाच्या डॉक्टरने हात तपासून सांगितलं, हाताला काही झालेलं नाही.

कधी सुरू झालं ते सांगते. ऑक्टोबर चौपन्न. तू शाळा सोडल्याचं पत्र आलं त्याच्या पुढच्या आठवड्यात. तुझ्यावर ढकलत नाही, नुसती तारीख सांगतेय.

मैदानावर मी सही करते ती कार्डं खरी असतात. तिथे कधी एक फटका लपवलेला नाही, तेवढा विश्वास ठेव. घरी पाठवायची कार्डं मी नंतर खोलीत बसून लिहिते, गेल्या उन्हाळ्यापासून. आधी नुसते पटिंगचे चुकलेले फटके वगळायचे. मग खरं वाटावं म्हणून कुठेतरी एखादा फटका वाढवायचे. ती कार्डं भरताना मला वाटायचं, हा खेळ मी खरंच खेळले. आठवड्यातला तेवढाच एक तास बरा जायचा.

सोडू का? मार्चमध्ये मी तेच विचारत होते, दयाबिया नव्हती ती. तू दार लावून घेतलंस. मी खेळ सोडला तर तू शाळा कशासाठी सोडलीस? डॅडी पांघरुणावर काय मांडतील? कंपनीचा माणूस प्रेविट, त्याला मी आडून विचारलं. तो म्हणाला, "आर्डिस, तू हरलीस तरी चालेल, पण उभी राहा. ज्या बाईने खेळ सोडला तिच्या सहीची स्टिक कोण घेईल?" म्हणजे करार संपेपर्यंत, ऑगस्टअखेर, मला लोकांसमोर उभं राहायचंच आहे. आणि त्यानंतरही तुम्हा दोघांसाठी उभं राहायचंच.

आता तुला कळलं. डॅडींना कळू देऊ नकोस.

आर्डिस

मिलर्स फोर्ड
१५ जून १९५७

प्रिय आर्डिस,

तुझं पत्र चार दिवस एप्रनच्या खिशात घेऊन वावरतेय. उत्तर लिहायला धीर होत नव्हता, कारण खरं लिहायचं तर मलाही लिहावं लागणार.

डॅडींना काही कळणार नाही. त्यांना गेल्या ऑक्टोबरपासून काहीच कळत नाही.

तू ऑगस्टमध्ये येऊन गेलीस तेव्हा ते तुला ओळखत होते. ऑक्टोबरमध्ये दुसरा छोटा झटका आला. डॉक्टर म्हणाले, शरीर आहे तसंच राहील, डोकं हळूहळू विझेल. नोव्हेंबरात तुझी कार्डं त्यांच्या हातात दिली तर त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "हे कोणाचं आहे?" बोलणं उलट थोडं सुधारलंय, पण त्या बोलण्यात आपण दोघी नाही. ते मला पगारी बाई समजतात. फार नम्रपणे वागतात माझ्याशी.

चौदाव्या होलवर ते हसले नाहीत. ते मी रचलं.

तुला का सांगितलं नाही? स्वतःशी म्हणत आले की तुझा खेळ बिघडेल. ते अर्धंच खरं आहे. कार्डं डॅडींना नको होती, मला हवी होती. दर सोमवारी पाकीट आलं की मी त्यांच्या खाटेशी बसून एकेक होल मोठ्याने वाचायची. ऐकणारं कोणी नव्हतं. तासभर मी टॅम्पात असायची, नाहीतर सव्हानात. तू परत यायचं म्हणालीस तेव्हा मी घाबरले, ती तुझ्यासाठी नव्हे. तू घरी आलीस तर मी कुठे जाणार होते?

म्हणून ते कडक पत्र लिहिलं.

व्हेल्मा

तुल्सा
२० जून १९५७

व्हेल्मा,

आठ महिने. आठ महिने मी दर शुक्रवार, शनिवार, रविवार लोकांच्या देखत माझी लाज काढून घेत होते, एका म्हाताऱ्याच्या आनंदासाठी, ज्याला माझं नावसुद्धा आठवत नाही. आणि तुला ते माहीत होतं.

मीही खोटंच लिहीत होते, म्हणून तुझ्यावर रागवायचा मला हक्क नाही, हे मला कळतं. तरी मी फार रागावले आहे. काही दिवस लिहू नकोस.

आ.

मिलर्स फोर्ड
२ ऑगस्ट १९५७

प्रिय आर्डिस,

सहा आठवडे थांबले. आता आणखी एक गोष्ट सांगायची राहिलीय, तीही सांगून टाकते. मग तू हवं तितकं रागाव.

माझ्या कॉलेजातल्या मिस ट्रास्क तुला आठवतात? त्या आता कोलोरॅडोत प्वेब्लोला एका शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत. गणिताच्या जागेसाठी त्यांनी मला पंचावन्नमध्ये लिहिलं होतं, मी नाही म्हटलं. गेल्या वर्षी पुन्हा लिहिलं, पुन्हा नाही म्हटलं. दोन्ही वेळा तुझं नाव पुढे केलं, बहीण खेळते, वडिलांजवळ कोणी नाही. परवा तिसरं पत्र आलं. सोळा सप्टेंबरपासून जागा रिकामी आहे. त्यांनी लिहिलंय, चौथं पत्र येणार नाही.

मी होकार लिहिला आणि टपालपेटीपर्यंत गेले आणि परत आले. हे तीनदा झालं. पाकीट अजून ब्रेडच्या डब्यावर आहे. तू त्या तीन फुटांवर कशी उभी राहत असशील ते मला आता थोडंसं कळतं.

काल डॅडींचे केस कापत होते. ते आरशात माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुम्ही फार दिवस झाले इथे आहात."

मी म्हटलं, "हो, बरेच झाले."

"घरचे रागावतील तुमच्या," ते म्हणाले. "माणसाने किती दिवस परक्या घरी राहायचं?"

मी त्यांच्या मानेवरचे केस झटकले आणि चहा ठेवायला गेले. ये असं मी तुला म्हणत नाही. सांगितलं फक्त.

व्हेल्मा

डल्यूथ, मिनेसोटा
१ सप्टेंबर १९५७

प्रिय व्हेल्मा,

ब्रेडच्या डब्यावरचं पाकीट टपालात टाक. मी गुरुवारी, बारा तारखेला, दुपारी चारपर्यंत घरी पोचते. करार काल संपला आणि मी नव्यावर सही केली नाही. मधले दिवस गाडी विकण्यात आणि जुना ट्रक घेण्यात जातील. मिलर्स फोर्डात वाळू वाहायला ट्रकच बरा.

राग गेला का, ते मलाच नीट माहीत नाही. पण माझ्या रागापायी तू प्वेब्लोची जागा घालवावीस इतकी मी मोठी नाही.

शेवटच्या दिवशीचं सांगते. अठराव्या ग्रीनवर मी तीन फटक्यांत पोचले, चेंडू होलपासून हातभर अंतरावर. घातला असता तर चार. हात उडाला. पलीकडून पुन्हा उडाला. तिसऱ्यांदा होलाच्या काठावरून फिरून बाहेर आला. प्रेविट पहिल्या रांगेत होता, तो टोपी बघत बसला. मला त्या क्षणी काय वाटलं असेल? काही नाही. दुसऱ्याच कोणाची तरी फजिती बघावी तसं. मी प्रत्येक वेळी चालत गेले, उभी राहिले आणि मारला. आणखी दोनदा चुकला, मग चेंडू आत पडला.

बिली माझं कार्ड लिहीत होती. तिने हळूच विचारलं, "आठ झाले ना गं?"

"नऊ," मी म्हटलं. "नऊ लिही."

"मी आठच मोजले."

"तू दुसरीकडे बघत होतीस, बिली. नऊ."

तिने नऊ लिहिले आणि माझ्याकडे न बघता कार्ड पुढे केलं. मी सही केली. ९१. इतका वाईट आकडा मी वयाच्या बाराव्या वर्षापासून केला नव्हता. कार्डं द्यायच्या तंबूबाहेर येऊन बिली रडली, मी नाही. मला तिचीच समजूत काढावी लागली.

चार दिवस एकत्र राहू. तू सगळं दाखवशील तसं मी शिकेन.

आर्डिस

(स्वयंपाकघरातल्या टेबलावर)
गुरुवार, १२ सप्टेंबर

आर्डिस,

हेडलंडबाई डॅडींजवळ बसल्या आहेत. त्यांना पाच वाजता घरी जायचंय.

सूप गॅसवर आहे, कोमट करून दे, गरम नको. चमचा डाव्या गालाकडून घाल, उजव्या बाजूने सांडतं. दर दोन तासांनी कूस बदलायची. आधी त्यांना सांगायचं, मग हात लावायचा, नाहीतर घाबरतात. औषधांची यादी कपाटाच्या दारावर आतून लावलीय. वाळूचं तेल शेडमध्ये आहे, सातव्या ग्रीनला सर्वांत जास्त लागतं. ते काही मागताना "कृपा करून" म्हणतात, ते ऐकून पहिल्या दिवशी रडू येईल. नंतर येत नाही.

मी दोन दहाच्या बसने जातेय. चार दिवस राहायचं ठरलं होतं, मला माहीत आहे. तू फाटकातून आत येताना दिसली असतीस, दमलेली, हातात बॅग, तर मी तुझ्यासाठी चहा केला असता, मग रात्रीचं जेवण, आणि रविवारी तुला एकटीला टाकून जाणं मला जमलं नसतं. मी स्वतःला ओळखते.

हे पळून जाणं आहे. दुसरा शब्द शोधत बसले नाही.

व्हेल्मा

मिलर्स फोर्ड
२९ सप्टेंबर १९५७

प्रिय व्हेल्मा,

तुझा पत्ता मिळाला. खोलीतून डोंगर दिसतात म्हणतेस. चांगलं आहे.

तुझी चिठ्ठी मी उभ्या उभ्याच वाचली. तासभर इतकी संतापले होते की ट्रक घेऊन बसच्या मागे जावं असं वाटलं. हेडलंडबाई घरी जायला शाल आवरत होत्या. मग त्या गेल्या आणि डॅडींची चादर बदलायची वेळ झाली. त्यात अर्धा तास गेला. आधी न सांगता हात लावला, ते घाबरले, दोघांनाही घाम फुटला. त्यानंतर रागावायला ताकद उरली नाही.

तू लिहिलं नव्हतंस ते एक सांगते. इथे दुपार फार मोठी असते. तीनपासून पाचपर्यंत घड्याळ हलत नाही. पहिल्या आठवड्यात मी दोनदा फाटकापर्यंत गेले, कारण नसताना, आणि रस्त्याकडे बघत उभी राहिले. तिकडून सुटून आले असं वाटलं होतं. तसं काही नसतं बहुतेक. पण इथे कोणी बघत नाही, आणि चमचा धरताना माझा हात स्थिर असतो. एवढं आहे. तू हे तीन वर्षं केलंस, आणि मी तुला फ्लोरिडातल्या उन्हाची वर्णनं पाठवत होते.

वाळू ओढली. सातव्या ग्रीनला तू म्हणालीस त्याहून दुप्पट तेल लागलं. सभासद म्हणतात, व्हेल्मा जास्त सारखी करायची.

डॅडी परवा "ती आधीची बाई" कुठे गेली म्हणून विचारत होते. मी सांगितलं, तिला नोकरी लागली. त्यावर ते म्हणाले, "शिकलेली असणार."

तू नाताळला इकडे यायचं लिहिलंयस, पंधरा दिवस मला सुट्टी द्यायला. नको. तुझी बॅग तू दारात ठेवशील, एप्रन बांधशील आणि मग आपण दोघी पुन्हा तिथेच. या वर्षी येऊ नकोस. पुढच्या उन्हाळ्यात ये, चार दिवस, आणि येण्याआधी पत्र पाठव. पाहुण्यांची खोली मी रिकामी ठेवते. पाहुणी म्हणून ये.

आर्डिस